अंतर मैलांचे, हिशेब तासांचा
बेळगाव ते नाशिक : दोन लहान विमानतळांमधील एका तासाची कथा

नालासोपारा हे गाव आज ओळखले जाते ते सकाळच्या लोकलच्या गर्दीमुळे. परंतु याच भूमीवर एकेकाळी शूर्पारक नावाचे भरभराटीचे बंदर होते, आणि तेथे उतरलेला माल सह्याद्रीचे घाट चढून नाशिक, जुन्नर, पैठण अशा बाजारपेठांपर्यंत जात असे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही प्रकाशात आणला, तेव्हा या गावाचे प्राचीनत्व जगासमोर आले. प्रवास, व्यापार आणि अंतर यांचा हिशेब या मातीला नवा नाही. साधन मात्र बदलले आहे. बैलांच्या तांड्याची जागा रेल्वेने घेतली, रेल्वेच्या जोडीला महामार्ग आले, आणि गेल्या काही वर्षांत लहान शहरांच्या माथ्यावरून पन्नास आसनांची विमाने उडू लागली.

नालासोपारा, वसई, विरार या पट्ट्यात स्थिरावलेल्या कुटुंबांची मुळे दूरदूर पसरलेली आहेत. कोणाचे मूळ गाव बेळगाव, कोल्हापूर किंवा सांगलीकडे, कोणाची लेक नाशिकला दिलेली, तर कोणाचे व्याही मालेगाव वा धुळ्याचे. अशा घरात लग्नकार्य असो, वार्षिक पूजा असो की आजारपण असो, पहिला प्रश्न एकच निघतो. पोहोचायला किती वेळ लागेल? या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरमध्ये देता येत नाही. ते का देता येत नाही, हे समजून घेण्यासाठी बेळगाव ते नाशिक हा हवाई मार्ग फार उपयोगी आहे.

दोन विमानतळांची ओळख

बेळगावचा विमानतळ शहराच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरवर सांबरा येथे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने तो बांधला. आजही त्याला लागून भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे. प्रवाशांसाठीची नवी इमारत २०१७ साली खुली झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असलेल्या या धावपट्टीभोवती पावसाळ्यात ढग अगदी खाली उतरलेले दिसतात.

नाशिकचा विमानतळ ओझर येथे, शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. १९६० च्या दशकात मिग विमानांच्या निर्मितीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे उभा राहिला, आणि धावपट्टी प्रथम त्या कारखान्यासाठीच होती. प्रवाशांची इमारत २०१४ साली झाली. म्हणजे दोन्ही विमानतळांचा जन्म संरक्षणाच्या गरजेतून झाला आणि सामान्य प्रवाशाला त्यांचा लाभ पुष्कळ उशिरा मिळाला.

२५ जानेवारी २०२१ रोजी या दोन ठिकाणांना जोडणारे पहिले थेट विमान निघाले. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखाली स्टार एअर या कंपनीला हा मार्ग मिळाला होता. संजय घोडावत समूहाच्या या कंपनीने बरोबर दोन वर्षांपूर्वी, २५ जानेवारी २०१९ रोजी, आपली पहिली सेवा सुरू केली होती. विमान होते पन्नास आसनांचे एम्ब्रेअर १४५ हे जेट, आणि फेऱ्या आठवड्यातून तीन.

त्यापूर्वी बेळगावहून नाशिकला जाणाऱ्याची स्थिती कशी होती? रस्त्याने कोल्हापूर, सातारा, पुणे, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर, आणि दहा ते अकरा तासांचा प्रवास. रेल्वेने जायचे तर गोवा एक्सप्रेस बेळगावहून मिरज, पुणे, दौंड, अहिल्यानगर या मार्गाने मनमाडला नेते, नाशिकला नेत नाही. रात्र गाडीत काढून मनमाडला उतरायचे आणि तेथून पुन्हा सत्तरेक किलोमीटर मागे नाशिककडे यायचे. वृद्धांसाठी आणि लहान मुले बरोबर असलेल्यांसाठी हा प्रवास थकवणाराच होता.

कागद-पेन्सिलीने मोजता येणारे अंतर

आकाशातील अंतर मोजण्यासाठी संगणकाची गरज नसते. शाळेतील भूगोल आणि पायथागोरसचा सिद्धान्त एवढी सामग्री पुरेशी आहे.

सांबरा विमानतळाचे अक्षांश आहेत १५ अंश ५२ मिनिटे उत्तर, आणि ओझरचे २० अंश ७ मिनिटे उत्तर. दोहोंतील फरक ४ अंश १५ मिनिटे, म्हणजे २५५ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. सागरी मैलाची व्याख्याच मुळी अशी ठरली होती. वैमानिक व खलाशी आजही किलोमीटरऐवजी हे माप वापरतात, त्याचे कारण हेच. नकाशावरील अक्षांशांची वजाबाकी केली की उत्तर-दक्षिण अंतर आपोआप हाती येते.

आता पूर्व-पश्चिम फरक. सांबरा ७४ अंश ३७ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे आणि ओझर ७३ अंश ५५ मिनिटांवर. फरक ४२ मिनिटांचा. रेखांश मात्र ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात या आकड्याला सुमारे ०.९५ ने गुणावे लागते. उत्तर येते ४० सागरी मैल. २५५ आणि ४० या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू धरल्या, तर कर्ण निघतो सुमारे २५८ सागरी मैल, अर्थात ४७८ किलोमीटर.

ही सरळ रेषा नकाशावर ओढून पाहिली तर मौज वाटते. बेळगावहून निघून ती इचलकरंजीच्या अगदी जवळून जाते. कुंभोजच्या बाहुबली डोंगरापासून ती पाच-सहा किलोमीटरवरच असते. पुढे ती जेजुरीला जवळून ओलांडते, पुणे शहराला डावीकडे ठेवते आणि सिन्नरच्या बाजूने ओझरला पोहोचते. प्रत्यक्ष विमान आखून दिलेल्या हवाई मार्गांनी आणि नियंत्रकांच्या सूचनेप्रमाणे जाते, त्यामुळे त्याची वाट या रेषेपेक्षा थोडी लांब पडते. तरीही रस्त्याच्या साडेपाचशेच्या तुलनेत आकाशातील अंतर सत्तरेक किलोमीटरनेच कमी आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वेळ वाचतो तो अंतर घटल्यामुळे फारसा नाही, तो वेगामुळे वाचतो.

३६ मिनिटांचा एक तास कसा होतो?

या जेटचा वरच्या उंचीवरील वेग ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास असतो. ४७८ ला ८०० ने भागले तर ३६ मिनिटे येतात. मग वेळापत्रकात एक तास का लिहिलेला असतो? उरलेली मिनिटे कोठे जातात?

पहिली गोष्ट अशी की वेळापत्रकातील वेळ ही केवळ हवेतील वेळ नसते. विमान उभे असलेल्या जागेवरून हलल्यापासून पुढच्या ठिकाणी जागेवर थांबेपर्यंतचा तो काळ असतो. धावपट्टीपर्यंत चालत जाणे आणि उतरल्यावर इमारतीपर्यंत येणे यांची मिनिटे त्यातच धरलेली असतात.

दुसरी गोष्ट चढ-उताराची. तीस हजार फुटांपर्यंत चढायला विमानाला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात ते दीडशे किलोमीटर पुढे गेलेले असते. उतरण्याबाबत वैमानिकांचा एक सोपा आडाखा आहे. हजार फुटांतील उंचीला तीनाने गुणायचे, येईल तेवढ्या सागरी मैलांवर असताना उतरायला सुरुवात करायची. तीस हजार फुटांसाठी हे अंतर ९० सागरी मैल, म्हणजे सुमारे १६५ किलोमीटर. चढणीचे दीडशे आणि उताराचे एकशे पासष्ट वजा केले, तर ४७८ पैकी पूर्ण वेगाने कापायला उरतात जेमतेम १६० किलोमीटर. ती बारा मिनिटांत संपतात. प्रवाशाने खिडकीतून डोकावून स्थिरस्थावर व्हावे, तोच उतरण्याची सूचना येते. चढणीची अठरा, वरची बारा, उताराची वीस-बावीस आणि जमिनीवरची आठ-दहा, अशी बेरीज करता बरोबर एक तास भरतो.

यामुळेच लहान पल्ल्यावर जेट आणि पंख्याचे विमान यांच्यात फार फरक पडत नाही. एटीआर ७२ हे पंख्याचे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडते, पण ते फार उंच चढत नाही आणि त्याला इंधनही कमी लागते. हेच अंतर त्याला पंधरा-वीस मिनिटे अधिक घेईल, एवढेच.

वाऱ्याचा परिणामही येथे थोडाच. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेकडून वारे वाहतात. मुंबईहून कोलकात्याला जाताना ते पाठीशी असतात आणि परतताना छातीवर येतात, म्हणून त्या मार्गावर जाण्या-येण्याच्या वेळांत बराच फरक दिसतो. बेळगाव–नाशिक मार्ग जवळजवळ दक्षिणोत्तर असल्याने वारा बाजूने लागतो. त्यामुळे जाताना आणि येताना वेळ जवळपास सारखीच राहते.

घरापासून घरापर्यंत

प्रवाशाचा खरा हिशेब उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा असतो. असे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आई बेळगावात, आयुष्यभराच्या घरात राहते. लेक नाशिकला संसारात आहे. मुलगा नोकरीनिमित्त नालासोपाऱ्यात स्थायिक झाला आहे. एके सकाळी शेजाऱ्यांचा फोन येतो की आईंना रुग्णालयात नेले आहे. दोघेही निघतात.

सरळ रेषेत पाहिले तर नालासोपारा ते बेळगाव हे अंतर सुमारे ४४० किलोमीटर आहे. नाशिकच्या ओझरहून ते ४७८. म्हणजे मुलगा चाळीस किलोमीटरने जवळ आहे.

आता वेळ मांडू. लेकीला घरातून ओझरला पोहोचायला पाऊण तास, तेथे उड्डाणापूर्वी दीड तास, विमानात एक तास, सांबऱ्याला बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटे आणि शहरात पोहोचायला चाळीस मिनिटे. एकूण चार तास वीस मिनिटे.

मुलाला नालासोपाऱ्याहून लोकलने अंधेरीला आणि तेथून विमानतळावर जायला पावणेदोन तास. मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर रांगा लक्षात घेऊन दोन तास आधी पोहोचलेले बरे. थेट विमान मिळाले, तर मुंबई–बेळगाव हे सुमारे ४०० किलोमीटरचे उड्डाण. पण गर्दीच्या धावपट्टीवर आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, म्हणून वेळापत्रकात सव्वा तास धरावा. पुढे सांबऱ्याची पंचवीस आणि शहराची चाळीस मिनिटे. बेरीज होते सहा तास पाच मिनिटे.

अंतराने दूर असलेली लेक जवळच्या मुलाच्या आधी, तब्बल पावणेदोन तास आधी, आईच्या उशाशी पोहोचते. लहान विमानतळांचे महत्त्व या एका उदाहरणात सामावलेले आहे. तेथे दारापाशी गाडी थांबते, तपासणीला रांग थोडी असते, विमान समोरच उभे दिसते आणि उतरल्यावर सामानासाठी ताटकळावे लागत नाही. मोठ्या विमानतळावर वेगाने मिळवलेला वेळ जमिनीवरच खर्च होतो.

आपल्या समाजात अंत्यविधी लांबवण्याची पद्धत नाही. म्हणून अशा प्रसंगी दीड-दोन तासांचे मोल पैशात करता येत नाही. शेवटचे दर्शन झाले की राहिले, एवढा फरक त्या वेळेत पडतो.

वाट पाहण्याचे तास

परंतु या हिशेबात एक रकाना अजून रिकामा आहे. वरचे गणित खरे ठरते ते विमान ज्या दिवशी उडते त्या दिवशी.

समजा, आठवड्यातून तीन फेऱ्या आहेत आणि त्या सोमवार, शुक्रवार व रविवारी आहेत. सोमवारचे विमान गेल्यावर निरोप आला, तर पुढचे विमान चार दिवसांनी. शुक्रवारनंतर दोन दिवस आणि रविवारनंतर एक दिवस थांबायचे. निरोप कोणत्याही क्षणी येऊ शकतो असे धरून सरासरी काढली, तर वाट पाहण्याचा काळ दीड दिवस, म्हणजे ३६ तास निघतो. एका तासाच्या उड्डाणासाठी छत्तीस तासांची प्रतीक्षा! तेवढ्या वेळात मोटारीने तीन वेळा पोहोचता येईल. त्या दिवशी नाशिकची लेक रात्रीची गाडी करून अकरा तास प्रवास करील, आणि मुंबईहून रोज विमान असेल तर नालासोपाऱ्याचा मुलगा तिच्या आधी पोहोचेल.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आधी ठरलेल्या कामांसाठी, म्हणजे लग्न, तीर्थयात्रा, वैद्यकीय तपासणी किंवा नातवंडांच्या सुट्टीसाठी, असे विमान उत्तम. अकस्मात प्रसंगासाठी मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही, आणि दुसरी सोय डोक्यात तयार ठेवावी लागते.

हवामानाचाही विचार करावा लागतो. उतरण्यासाठी लागणारी दृश्यमानता ही विमानतळावरील उपकरणांवर अवलंबून असते. उपकरणे कमी तेथे ढग वा धुके असताना उतरण्याची मर्यादा अधिक कडक. बेळगावचा पावसाळा आणि नाशिकची हिवाळी पहाट या दोन्ही वेळा अशा दृष्टीने नाजूक असतात. मोठ्या मार्गावर एक विमान रद्द झाले तर दुसरे काही तासांत मिळते. येथे ते पुढच्या वाराला मिळते.

तिकिटामागचा पैसा

पन्नास आसनांचे विमान आणि दोन मध्यम शहरे यांचे आर्थिक गणित स्वबळावर जुळणे कठीण असते. ते जुळावे म्हणून २०१६ साली 'उडान' योजना जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली या मार्गाने तिचा आरंभ झाला, आणि त्याच दिवशी महाराष्ट्रातील नांदेड हैदराबादशी जोडले गेले.

योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. सुमारे पाचशे किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासासाठी आरंभी २,५०० रुपये ही भाड्याची कमाल मर्यादा ठरली. विमानातील सुमारे निम्म्या आसनांना ही मर्यादा लागू होते आणि उरलेली आसने कंपनी बाजारभावाने विकू शकते. बेळगाव–नाशिक हे ४७८ किलोमीटरचे अंतर याच टप्प्यात बसते. भाडे २,५०० धरले तर किलोमीटरला सव्वापाच रुपये पडतात. या भाड्यात खर्च भागत नाही. म्हणून जी तूट येते ती भरून काढण्यासाठी कंपनीला अनुदान मिळते. त्याचा निधी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकारलेल्या अधिभारातून उभा राहतो आणि राज्य सरकारेही त्यात वाटा उचलतात. याशिवाय उतरण्याचे व उभे राहण्याचे शुल्क माफ होते, आणि विमानाच्या इंधनावरील राज्याचा कर एक टक्क्यापर्यंत खाली आणला जातो. थोडक्यात, मुंबई–दिल्ली प्रवास करणारा उतारू आपल्या तिकिटातून बेळगावच्या आजींच्या तिकिटाला थोडा हातभार लावत असतो.

अनुदानाची मुदत मात्र तीन वर्षांची. त्यानंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा. ती किती पूर्ण झाली, हे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ च्या अहवालात दिसते. देण्यात आलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते केवळ ५४. शंभरातील सात! बँकेत कर्जाची प्रकरणे पाहणाऱ्या कोणालाही हा आकडा अस्वस्थ करील.

दोष एका कोणाचा नाही. विमाने भाडेपट्टीने मिळायला वेळ लागतो, काही ठिकाणी धावपट्ट्या वेळेवर तयार झाल्या नाहीत, कोरोनाची दोन वर्षे मध्ये आली. आणि आठवड्यातून तीनच फेऱ्या असल्या की प्रवासी विसंबत नाहीत; प्रवासी विसंबत नाहीत म्हणून फेऱ्या वाढत नाहीत. हे चक्र तुटायला तीन वर्षे अपुरी पडतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित 'उडान' योजनेद्वारे पुढील दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याची घोषणा झाली आहे. ठिकाणे वाढतील, पण ती टिकावीत यासाठी अनुदानाच्या मुदतीचा विचार नव्याने व्हायला हवा.

शूर्पारकाचा जुना दाखला

प्रवासाला सार्वजनिक पैशाचा आधार देण्याची कल्पना आजची नाही, आणि तिचा दाखला नालासोपारा व नाशिक यांना जोडणारा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने वाटसरूंसाठी निवासस्थाने बांधली, असे त्यात नमूद आहे. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे गाव आणि शूर्पारक म्हणजे आपले सोपारे. त्याच लेखात इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने नावांची विनामूल्य सोय केल्याचा आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्याचा उल्लेख येतो. दाहनुका ही आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणूची नदी. समुद्रकिनाऱ्याने सोपाऱ्याकडे येणाऱ्या वाटसरूला या नद्या ओलांडाव्याच लागत. विनामूल्य नाव म्हणजे त्या काळची 'उडान'च म्हणावी लागेल.

बँकिंगच्या दृष्टीने त्याच लेण्यातील दुसरा लेख त्याहून बोधप्रद आहे. उषवदाताने भिक्षूंच्या उदरनिर्वाहासाठी ३,००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. २,००० चे वार्षिक व्याज २४० होते, आणि त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रांसाठी मिळत. मूळ रक्कम कधीही परत करायची नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट होती. या ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत.

ही ठेव भिक्षूंसाठी होती, नावांसाठी नव्हती, हे खरे. तरीही तिच्यामागचा विचार आजच्या विमानमार्गांना लागू करण्यासारखा आहे. तीन वर्षांनी आटणाऱ्या अनुदानावर जो मार्ग उभा राहतो, त्याच्यावर कुटुंबे आपल्या सोयरिकी, उपचार आणि यात्रा बेतू शकत नाहीत. लहान का होईना, पण न आटणारा आधार असेल तर लोकांचा विश्वास बसतो.

यात्रेकरूंसाठी थोडे

या मार्गाच्या दोन्ही टोकांना जैन वाचकांच्या परिचयाची स्थळे आहेत. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ साली रट्ट राजवटीत बांधलेली कमल बस्ती आहे, आणि तिचे कमळाकार छत पाहण्यासारखे आहे. नाशिकजवळ म्हसरूळ येथे गजपंथ, आणि बागलाण तालुक्यात मांगी-तुंगी, जेथे २०१६ साली भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठापना झाली.

वयस्क यात्रेकरूंनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या व ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपासून बदलतात. त्यामुळे गेल्या वर्षी असलेले विमान या वर्षीही त्याच वारी असेल, किंवा असेलच, असे गृहीत धरू नये. तिकीट काढण्यापूर्वी चौकशी करावी. जाण्याचे आणि परतीचे वार एकाच वेळी पाहावेत. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असणाऱ्यांनी विमानाची वेळ आणि उतरल्यावर घरी पोहोचण्याची वेळ यांचा मेळ आधीच घालावा व कोरडा फराळ जवळ ठेवावा. चालण्याचा त्रास असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी. लहान विमानात बहुधा शिडीनेच चढावे लागते.

नालासोपारेकरांसाठी चित्र थोडे निराळे आहे. नाशिकला जाण्यासाठी त्यांना विमानाचा उपयोग नाही. चिंचोटी, कामण, भिवंडी आणि कसारा घाट या वाटेने चार तासांत तेथे पोहोचता येते. दक्षिणेकडे जायचे तर मुंबई विमानतळ आहे, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. पण वसई-विरारहून तो आणखी दूर पडतो. म्हणून नाशिकच्या बहिणीकडे एक दिवस थांबून, तिला बरोबर घेऊन ओझरहून बेळगावला जाणे, हा पर्यायही ज्या हंगामात ते विमान असेल तेव्हा विचारात घेण्यासारखा आहे. वेळ अधिक लागेल, पण बहीण-भाऊ आईकडे एकत्र पोहोचतील.

आपले साधू-साध्वी आजही सारे अंतर पायीच कापतात. रोज वीस किलोमीटरचा विहार धरला, तर बेळगावहून नाशिकला पोहोचायला त्यांना महिनाभर लागतो. वाटेतील प्रत्येक गाव त्यांना भेटते. गृहस्थाला तेवढा अवकाश नसतो. त्याच्या हाती सुट्टीचे चार दिवस असतात आणि पलीकडे कोणी वाट पाहत असते. त्याच्यासाठी सांबऱ्याहून ओझरला जाणारे पन्नास आसनांचे विमान ही चैन नाही. ते भरून जावे, वेळेवर सुटावे आणि पुढच्या हंगामातही वेळापत्रकात दिसावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. त्यातील काही भाग सरकारच्या हाती आहे, काही कंपन्यांच्या, आणि जेथे असे विमान आहे तेथे त्याचे तिकीट काढणे हा आपल्या हाती.